म्हातारबाचा आवाज

लिफ्टवाले काका आता लिफ्टच्या कामाला हातही लावत नाहीत, पण नाव चिकटलं ते चिकटलं. तरुणपणापासून त्यांनी लिफ्टच्या खड्ड्यात आणि गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत दिवस काढले. अंगाला ग्रीसचा वास लागला तो कुठल्याच साबणाला दाद देईना. शेवटी गुडघ्यांनी दगा दिला, तसं कंपनीनं त्यांना भिंतीवरचं एक घड्याळ देऊन घरी पाठवलं. "वेळ बघायला घड्याळ दिलं, आता वेळ घालवायला काय देतायत ते विचारून या," काकू म्हणाल्या. काकूंचं तोंड असं. लग्न झाल्यापासून काकांच्या वाटणीचंही त्याच बोलत आल्या होत्या.

कुत्री फिरवायचा धंदा सुरू झाला तोही लिफ्टमधूनच. नोकरीच्या शेवटच्या दिवसांत काका एका उंच इमारतीत दरवाजा दुरुस्त करत होते. नवव्या मजल्यावरच्या बाई त्यांच्या लठ्ठ पिवळ्या कुत्र्याला आत यायला विनवत होत्या. बाळा झालं, राजा झालं, शेवटी गाढवा झालं, पण कुत्रा हलेना. काका लिफ्टच्या आत जमिनीवर बसले, डबा उघडला आणि जेवायला लागले. दुसऱ्या घासाला कुत्रा त्यांच्या मांडीवर होता. बाईंनी पटकन आत शिरून बटण दाबलं, आणि खाली पोचेपर्यंत विचारलंही, "काका, उद्यापासून याला फिरवायला याल?" त्या दिवशी काका उपाशी राहिले, पण पुढच्या पोटापाण्याची सोय झाली.

हळूहळू चार इमारतींमधली कुत्री त्यांच्याकडे आली. काका घरी येऊन दिवसभराचं सांगायचे, म्हणजे तीन-चार शब्द सांगायचे, आणि काकू त्यावरून अख्खं नाटक उभं करायच्या. लठ्ठ पिवळा कुत्रा प्रत्येक कचऱ्याच्या डब्यात तोंड घालतो म्हटल्यावर काकू पोट पुढे काढून, घसा खाकरून म्हणाल्या, "ही फाइल माझ्या टेबलावर का नाही आली?" तेव्हापासून तो साहेब झाला. रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक दुचाकीवर भुंकणारा हडकुळा वकील झाला, कारण त्याची कायमच हरकत असायची. ओल्या गवतात पाय टाकण्याआधी काकांकडे खाऊ की गिळू असं बघणारी पांढरी झुबकेदार कुत्री सासूबाई झाली. "आज कुणी पुसलं नाही वाटतं?" असं काकू नाक वर करून तिच्या आवाजात म्हणायच्या आणि लेक हसून हसून लोळायची. लेकीचं लग्न व्हायचं होतं तेव्हा. तिनंच काकांच्या गळ्यात पट्ट्यानं फोन अडकवला, म्हणजे दोन्ही हात पट्टे धरायला मोकळे, आणि काकांनी काढलेल्या व्हिडिओवर काकूंचा आवाज चढवून 'शेपूट आणि मंडळी' नावाचं पेज काढलं. काकू आपल्या उगाच लिफ्टवाल्याच्या घरात पडल्या, खरं म्हणजे त्यांची जागा रंगमंचावर होती.

लोकांनी पेज डोक्यावर घेतलं. साहेबांनी बागेत एका गृहस्थांची चप्पल पळवली आणि भलत्याच बाईंच्या पायाशी नेऊन ठेवली, तो व्हिडिओ तर लोक अजून काढून बघतात. त्यात काकूंचे साहेब म्हणतात, "मॅडम, ही आपल्या खात्याची आहे का बघा, माझी सही राहिली आहे."

एकाच कुत्र्याला काकूंनी आवाज दिला नाही. तो म्हातारबा. दातांच्या डॉक्टरांचा मोठा तपकिरी कुत्रा, तोंडाभोवती पांढरा झालेला, मागचे पाय ओढत चालणारा. भुंकणं त्यानं केव्हाच सोडलं होतं. काका रोज त्याला सगळ्यांच्या शेवटी, एकट्यालाच न्यायचे, कारण त्याच्या चालीनं चालायला दुसऱ्या कुत्र्यांना धीर नव्हता. "याच्या तोंडी काय घालू?" काकू म्हणाल्या होत्या. "हा तुमच्यावर गेलाय. कितीही डिवचा, बोलायचा नाही."

मग लेकीचं लग्न झालं, ती दूर परदेशी गेली, तिला दिवस राहिले, आणि काकू बाळंतपणाला गेल्या. बाळ मान धरेपर्यंत राहते, म्हणाल्या. नातीनं मान धरली. मग, बसायला लागली की येते. ती बसली. मग रांगायला लागली, मग दात आले, मग भिंतीला धरून उभी राहिली. दर वेळी परतीचं तिकीट पुढे गेलं. नात सगळं वेळेवर करत होती, तिला बोल लावायला कुठेही जागा नव्हती. काकांना नातीचं प्रत्येक नवं कौतुक ऐकून आनंद व्हायचा आणि त्याच क्षणी परतीचं तिकीट आणखी पुढे सरकलेलं दिसायचं.

धंदा मात्र थांबला नाही. काका इकडे व्हिडिओ काढायचे, तिकडे काकूंना पाठवायचे, काकू बाळ झोपलं की स्वयंपाकघरात बसून आवाज द्यायच्या आणि पेजवर टाकायच्या. बाळ उठू नये म्हणून त्या कुजबुजत बोलायच्या. त्यामुळे साहेब आता कुजबुजत फाइल मागायचे, वकील कुजबुजत हरकत घ्यायचा, आणि सासूबाईंचे टोमणे तर कुजबुजीत अधिकच झोंबायला लागले. लोकांना वाटलं ही नवी तऱ्हा आहे. त्यांना ती फार आवडली.

काका स्वतः ते व्हिडिओ ऐकत नसत. फोनवरच्या व्हिडिओंचा आवाज त्यांनी कायमचा बंद ठेवला होता, त्याला कारण वकील. फोनमधून स्वतःचंच भुंकणं ऐकू आलं की तो त्याच्यावर हरकत घ्यायचा, मग फोनमधला वकील आणि हा वकील यांचं जे जुंपायचं ते बाग रिकामी होईपर्यंत. आवाज बंद करायची जी सवय लागली ती लागली. घरी गेल्यावर तो सुरू करून काकूंची कुजबुज ऐकावी असं काकांना रोज वाटायचं, आणि ऐकल्यावर घर आणखी खायला उठेल म्हणून ते ऐकायचे नाहीत.

घराचं काय सांगावं. दोन खोल्या, त्यात बोलणारं माणूस गेलेलं. भांडी घासून पालथी घातली की ती सकाळपर्यंत पालथीच. काका रोज काकूंना फोन करायचे. पण ते त्या जातीचे पुरुष, ज्यांना आयुष्यात एकच प्रश्न विचारता येतो. काळजी वाटली तरी, राग आला तरी, जीव तुटला तरी ते विचारणार, "जेवलीस का?" काकू म्हणायच्या, "जेवले." मग नातीचा चेहरा पडद्यावर यायचा, ती फोन चाटायची, आणि बोलणं संपायचं.

काकूंनी सुरुवातीला दोन-तीनदा म्हणून बघितलं होतं, "तुम्हीच या ना इकडे. नातीला बघाल तरी."

"मी कुठं येणार?" काका म्हणायचे. "कुत्र्यांना माझ्याशिवाय करमत नाही."

ते खोटं नव्हतं. काका ताप येऊन घरी राहिले तेव्हा साहेबांनी जेवण सोडलं होतं, आणि साहेबांनी जेवण सोडणं ही काही साधी गोष्ट नव्हे. काकूंनी पुढे विचारणं सोडून दिलं.

आणि मग एका रविवारी लेकीचा फोन आला. ती पुन्हा कामावर रुजू होणार होती. "बाबा, आई अजून वर्षभर राहू दे ना इथे? पोरगी तिला सोडून कुणाकडे जातच नाही."

लेकीच्या मागे काकू दिसत होत्या. पलंगावर बसून लहान लहान कपड्यांच्या घड्या घालत होत्या. काकांच्या मनात आलं की म्हणावं, नको, पाठवून दे तिला, माझ्याच्यानं आता होत नाही. आणि तोंडातून काय बाहेर पडावं?

"राहू दे की. माझं काय अडलंय इथं? कुत्री आहेत ना."

काकूंचा घडी घालणारा हात थांबला. मग त्यांनी ती घडी पुरी केली, ढिगावर ठेवली, आणि म्हणाल्या, "मग आता व्हिडिओ तुम्हीच टाकायला शिका. मला नाही वेळ व्हायचा. दिवसभर पोरगी माझ्याकडेच असणार."

शिकवलंही त्यांनी, तिथल्या तिथे. हे दाबा, मग ते दाबा, मग पेजचं नाव येईल, मग निळं बटण. काका मान डोलवत होते. खड्ड्यात उतरून टनभर वजनाची लिफ्ट डोक्यावर असतानाही न घाबरलेला माणूस त्या निळ्या बटणाला घाबरला. रोज काहीतरी तिच्याकडे पाठवायचं आणि रोज तिच्याकडून काहीतरी यायचं, एवढंच तर उरलं होतं दोघांत. तेही आता संपणार होतं.

त्याच आठवड्यातली संध्याकाळ. काका म्हातारबाला घेऊन बागेत आले होते. फाटकासमोरच्या बाकापाशी म्हातारबानं नेहमीसारखी बसकण मारली. त्याचे केस गळायचे दिवस होते. एक कबूतर उतरलं, इकडेतिकडे बघितलं, आणि सरळ त्याच्या पाठीवर चढून घरट्यासाठी केसांचे पुंजके उपटायला लागलं. म्हातारबानं फक्त डोळे मिटून घेतले. काकांनी घाईनं फोन सुरू केला. चोचभर केस घेऊन कबूतर उडालं. काका बाकावर टेकले, आणि फोन तसाच छातीवर लटकत म्हातारबाच्या चेहऱ्याचं चित्र घेत राहिला. तो बंद करायचा राहिलाय हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

"त्याला घर बांधायचंय रे," काका म्हातारबाला म्हणाले. "आपलं बांधून झालंय. त्याचं आता काय करायचं?"

म्हातारबानं जबडा हलवला.

"नळ दुरुस्त केला मी. स्वयंपाकघरातला. किती वर्षं ओरडत होती, जगाच्या लिफ्ट दुरुस्त करता आणि घरातला नळ गळतोय. केला. आता नळही गळत नाही आणि ओरडतही नाही कुणी. रात्री पडून राहतो तर काही म्हणजे काही ऐकू येत नाही." काकांनी हातातला पट्टा बोटाला गुंडाळला. "कॉटवर तिच्या बाजूला मी झोपत नाही, आणि माझ्या बाजूला झोप लागत नाही. सोफ्यावर झोपतो. मान धरते मग. राहू दे म्हणालो मी तिला. का म्हणालो? नीट विचारलं होतं ना पोरीनं? तेव्हा काय तोंडाला कुलूप लागलं होतं?"

फाटकातून माणसं येत-जात होती. म्हातारबा त्यांच्याकडे बघत धापा टाकत होता.

"ये गं बाई आता," काका म्हणाले. "बास झालं. ये."

मग त्यांनी नाक पुसलं, फोनकडे बघितलं, तो बंद केला, आणि कबुतराचा व्हिडिओ काकूंनी शिकवल्याप्रमाणे स्वतःच पेजवर टाकायचं ठरवलं. आपल्याला जमलं हे तिला दिसलं तर ती खूश होईल, एवढाच विचार. हे दाबलं, ते दाबलं, निळं बटण दाबलं. फोनचा आवाज नेहमीसारखा बंदच होता.

दुसऱ्या दिवशी नवव्या मजल्यावरून साहेबांना घेऊन ते लिफ्टमध्ये शिरले, तर मालकीणबाई दारात येऊन हसायला लागल्या. "काका, छुपे रुस्तम निघालात! काय आवाज दिलात म्हातारबाला! तो नळाचा तुकडा तर आम्ही जेवताना लावला, हे ठसका लागून उठले."

"कुठला नळ?" काका म्हणाले. दार बंद झालं.

खाली पोचल्यावर त्यांनी लिफ्टच्या कोपऱ्यात उभं राहून कितीतरी महिन्यांनी फोनचा आवाज सुरू केला. पडद्यावर म्हातारबाचा चेहरा, त्याचा हलणारा जबडा, आणि त्यातून येणारा आपला आवाज. खरोखर कुत्राच बोलतोय असं वाटत होतं. खाली लोकांनी हसण्याची चित्रं ओतली होती. 'अखेर म्हातारबा बोलला!' 'नळ दुरुस्त करणारा कुत्रा, आमच्याकडे पाठवा.' 'मालकीण कधी येणार रे म्हातारबा?' 'मान धरली म्हणतो, मेलो मी हसून.'

काकांचे कान तापले. भर रस्त्यात कपडे फेडल्यासारखं झालं त्यांना. पण त्याहून वाईट गोष्ट वेगळीच होती. एवढ्या लोकांनी काय काय लिहिलं होतं, त्यात काकूंचा एक शब्द नव्हता. त्यांनी पुन्हा पुन्हा वरखाली करून बघितलं. साहेब खिसा हुंगत होते, लिफ्टचं दार उघडून मिटत होतं, आणि हा माणूस आत उभाच. व्हिडिओ काढून टाकायला त्यांनी बोट पुढे केलं, मागे घेतलं. काढून टाकला आणि तिनं ऐकलाच नसेल तर? हे सगळं परत कधी आपल्या तोंडून येणार होतं?

तो दिवस त्यांनी कसा काढला त्यांनाच ठाऊक. वकिलानं तीन कुत्री आणि काका यांना एकाच खांबाला गुंडाळून टाकलं, तरी ते रागावले नाहीत. जीव सगळा फोनमध्ये. संध्याकाळी म्हातारबाला घरी सोडून ते खोलीवर आले, चपलाही काढल्या नव्हत्या, तोच काकूंचा फोन.

"तो आवाज कुणी दिला?" काकूंनी विचारलं. कुजबुजत नव्हत्या. लख्ख, घरातल्या आवाजात.

"चुकून गेलं गं ते. काढून टाकतो."

"हात लावाल तर बघा." त्यांनी नाक ओढलं. "लेक मला विचारते, आई, कुत्र्याचा व्हिडिओ बघून कुणी रडतं का?"

काका भिंतीला टेकले.

"नळ खरंच दुरुस्त केलात?"

"केला."

"मी नसताना?"

"चुकलंच माझं," काका म्हणाले, आणि ते इतक्या मनापासून म्हणाले की काकूंना रडता रडता हसू आलं.

ती संधी होती. काकांनी ती या वेळी सोडली नाही. "ये ना गं परत," ते म्हणाले. समोर कुत्रा नव्हता, कबूतर नव्हतं. "मला राहवत नाही."

पलीकडे नात काहीतरी बडबडत होती. "आता कशी येऊ?" त्या म्हणाल्या. "परवा लेक कामावर चालली. तुमचं काही अडत नाही म्हणालात, म्हणून मी हो म्हटलं तिला. तुम्ही नुसतं 'नको' म्हणाला असतात तर मी त्याच दिवशी बॅग भरली असती. तुमच्या तोंडून तेवढा एक शब्द निघायची वाट बघत होते मी. घड्या घालत होते आणि कान तुमच्याकडे होते."

काकांना त्या दिवशीचा तो थांबलेला हात दिसला.

"आणि तुम्ही का नाही येत?" काकू म्हणाल्या.

"अगं पण कुत्र्यांना..."

"कुत्र्यांना तुमच्याशिवाय करमत नाही. ऐकलंय मी. नातीच्या जन्मापासून ऐकतेय." काकूंचा आवाज फुटला. "आणि मला करमतं, असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

इतके महिने काका समजत होते की वाट बघणारा एकच माणूस आहे आणि तो इकडे आहे. मग ते म्हणाले, "येतो," आणि काकूंनी तो शब्द त्यांच्याकडून तीनदा वदवून घेतला.

पुढचे दिवस तिकीट आणि कागदपत्रांत गेले, ते सगळं लेकीनंच केलं. काका दारोदार सांगत फिरले. साहेबांच्या मालकीणबाईंनी साहेबांबरोबर वकिलालाही फिरवायला न्यायचं कबूल केलं, सासूबाईंच्या घरी थोडी रुसारुशी झाली. दातांच्या डॉक्टरांकडे काका सगळ्यात शेवटी गेले, कारण तिथे जायचं त्यांच्या जिवावर आलं होतं.

डॉक्टर दवाखान्यातून नुकतेच आले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "परत कधी?"

"तिला विचारल्याशिवाय सांगता येत नाही," काका म्हणाले.

डॉक्टर हसले, मग म्हातारबाकडे बघून हसायचे थांबले. "तोपर्यंत हा..." एवढंच बोलून त्यांनी चष्मा काढला आणि उगाच पुसत बसले. काकांना ते माहीत होतं. गेल्या महिन्यापासून जिन्याच्या शेवटच्या दोन पायऱ्या ते त्याला उचलून उतरवत होते.

काका गुडघे सांभाळत जमिनीवर बसले. ते मोठं जड डोकं त्यांनी मांडीवर घेतलं. डॉक्टर समोर उभे होते, तरी त्यांना लाज वाटली नाही. आता बोलायची थोडी सवय झाली होती.

"मला तुझी आठवण येईल रे," ते म्हणाले. "फार येईल."

म्हातारबानं शेपटी जमिनीवर आपटली. मग पुढचे पाय रोवून, धडपडत, तो उभा राहिला आणि दाराशी जाऊन थांबला. त्याची फिरायची वेळ झाली होती.